देवनारचा कचरा जांभिवलीत : मायक्रोवेव्हने धूर थांबेल का?

मुंबईच्या देवनार-गोवंडी भागात दवाखान्यांचा कचरा जाळणारा प्रकल्प होता. धुराला कंटाळून रहिवासी मुंबई उच्च न्यायालयात गेले. २०२३ मध्ये न्यायालयाने हा प्रकल्प दोन वर्षांत खालापूर तालुक्यातल्या जांभिवलीला हलवण्याचा आदेश दिला. म्हणजे देवनारचा प्रश्न आता पाताळगंगा परिसरातल्या गावांच्या दारात आला.

आता मायक्रोवेव्ह यंत्रं आहेत, मग जाळायचं कशाला? प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर अर्धंच सोपं आहे.

भट्टीत उष्णता बाहेरून आत जाते. मायक्रोवेव्हच्या लहरी थेट मालात शिरून आतलं पाणी तापवतात. औषध-रसायन कारखान्यांत ओली भुकटी वाळवायलाही हे तंत्र वापरतात. पण एक लिटर तापलेल्या पाण्याची वाफ करायलाच ०.६३ युनिट ऊर्जा लागते. यंत्रातली घट धरली तर जवळपास एक युनिट वीज जाते. म्हणून बरंचसं पाणी आधी गाळून, पिळून काढतात आणि शेवटची ओल घालवायला मायक्रोवेव्ह लावतात.

दवाखान्याच्या कचऱ्यात हिशेब उलटा. तिथे वाळवायचं नसतं, जंतू मारायचे असतात. त्यासाठी ओलच लागते. कोरड्या कचऱ्यावर आधी पाणी किंवा वाफ मारावी लागते. पवईच्या आयआयटी आवारातल्या 'समीर' या केंद्र सरकारच्या संस्थेने असं यंत्र बनवलंय. यात काही जळत नाही, त्यामुळे चिमणीचा धूरही नाही.

मग अडतं कुठे? २०१६ च्या नियमांनुसार सलाईनच्या नळ्या, बाटल्या असा लाल पिशवीतला कचरा मायक्रोवेव्हमध्ये चालतो. नंतर त्याचे तुकडे करून प्लास्टिक पुन्हा वापरात जातं. मात्र शरीराचे अवयव, कॅन्सरची औषधं, घातक रसायनं आणि मोठ्या धातूच्या वस्तूंना मायक्रोवेव्हची मनाई आहे. पिवळ्या पिशवीतला बराचसा कचरा भट्टीतच जातो.

म्हणजे धूर किती, हे दवाखान्यात कचरा किती नीट वेगळा होतो यावर ठरतं. लाल पिशवीतलं प्लास्टिक पिवळ्या पिशवीत गेलं, तर ते भट्टीत जळणार आणि विषारी वायूंचा धोका वाढणार.

म्हणून ग्रामसभेने नुसतं "मायक्रोवेव्ह आहे का?" एवढंच विचारून थांबू नये. रोज किती किलो जळणार? किती मायक्रोवेव्ह किंवा वाफेच्या यंत्रात जाणार? चिमणीवरच्या ऑनलाइन मोजणीचे आकडे गावाला कुठे दिसणार? वर्षाचा अहवाल वेबसाइटवर टाकणं प्रकल्पाला बंधनकारकच आहे. तो मोबाइलवर उघडून बघायची सवय गावाने आतापासूनच लावलेली बरी.