शांततेचा खर्च कोणत्या खात्यावर?

आमच्या बेळगावच्या घरी गच्चीवर सौर पॅनेल बसले आणि आजोबांच्या ट्रान्झिस्टरला खरखर जडली. ऊन चढले की धारवाड केंद्राचे शब्द पुसट होत; दिवेलागणीला पुन्हा स्पष्ट. वीज देणारी वस्तूच ऐकण्याच्या आड येत होती. बसवणाऱ्याने उपाय सांगितला, पण त्याचा खर्च मूळ अंदाजपत्रकात नव्हता. ‘हे आधीच का धरले नाही?’ एवढेच आजोबा म्हणाले.

हाच प्रश्न वैज्ञानिक अंतराळयानांना लावून पाहा. पृथ्वीच्या पृष्ठभागावर चुंबकीय क्षेत्र सुमारे २५ ते ६५ हजार नॅनोटेस्ला असते. पृथ्वीजवळच्या सौरवाऱ्यात ते जेमतेम पाचाच्या घरात. विद्युतप्रवाहाने होकायंत्राची सुई हलते, हे ओर्स्टेड यांनी १८२० सालीच दाखवले. सौर पॅनेल म्हणजे तर प्रवाहांचे जाळेच! मग यानाने मोजले ते सूर्याचे, की स्वतःचेच?

यावरचा तोडगा आम्हा वाणिज्यवाल्यांनाही समजेल असा आहे : जमा आणि नावे. सौरघटांच्या एका ओळीतून प्रवाह ज्या दिशेने जातो, त्याच्या उलट दिशेने तो शेजारच्या ओळीतून किंवा पाठीमागच्या तारेतून न्यायचा. दोन्ही क्षेत्रे एकमेकांना खोडतात. शिल्लक अगदी थोडी उरते. काचेवर विद्युतभार साचून विद्युतक्षेत्राचे मापन बिघडू नये म्हणून २००७ साली गेलेल्या ‘थेमिस’ यानांच्या सौरघटांवर पारदर्शक वीजवाहक लेपही दिला होता.

विज्ञान शाखेतले माझे मित्र म्हणतात, ‘एवढा खटाटोप कशाला? मापक लांब दांड्यावर ठेवा.’ आपल्या ‘आदित्य एल-१’वर ६ मीटरचा दांडा आहेच. लहान स्रोतापासूनचे अंतर दुप्पट केले की त्याचे क्षेत्र सुमारे एक-अष्टमांश होते, हेही खरे. पण दांड्यालाही वजन असते, आणि पॅनेलही यानाबाहेर दूरवर पसरलेले असते. २०११ साली गुरूकडे निघालेल्या ‘जूनो’चे चुंबकमापक तर तीन सौरपंखांपैकी एकाच्या टोकालाच आहे. शिवाय ऊन आणि यानाची गरज बदलली की पॅनेलमधला प्रवाह बदलतो. त्यामुळे दरवेळी एकच ठरावीक रक्कम वजा करून हिशेब जुळत नाही.

म्हणून माझे मत असे : ही काळजी ‘किरकोळ खर्च’ या सदरात टाकू नये आणि काटकसरीची पहिली कात्री तिच्यावर चालवू नये. ज्या मापनासाठी यान पाठवायचे, ते मापनच नासले तर पॅनेलच्या बचतीला काय अर्थ? तो खर्च मूळ भांडवलातच धरायला हवा, आराखड्याच्या पहिल्या कागदावर.

आमच्याकडे तो माणूस पुन्हा आला, फिल्टर बसवून गेला. आजोबांना धारवाड मिळाले. ‘आदित्य’ पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे. तिथे दुरुस्तीला कोण जाणार?