अकरा महिन्यांचे बिऱ्हाड

गेली एकोणीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवतो; पण ‘घर’ आणि ‘बिऱ्हाड’ या शब्दांतला फरक मला नीट कळला तो गेल्या वर्षी.

आम्ही राहात होतो पुण्याच्या पार टोकाला. दोन निजायच्या खोल्या, सज्जा, लिफ्ट, खाली बाग. सगळे होते; फक्त चालत जाण्यासारखे काही नव्हते. कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा स्कूटर काढावी लागे. आम्ही दोघे कामावर, चिरंजीव शाळेत, आणि शहात्तर वर्षांची आई सातव्या मजल्यावरच्या सज्जात बसून खालच्या मोटारी मोजी. तो रस्ता ओलांडायची तिची छाती नव्हती. एकदा सहज म्हणाली, “अरे, तू आणलेल्या चपला तशाच कोऱ्या आहेत बघ. दोन वर्षं झाली.”

त्या चपलांपायी आम्ही सदाशिव पेठेत जागा धुंडाळू लागलो. दलालाने दाखवलेली पाचवी जागा पसंत पडली. पहिला मजला, एक बेडरूम, एक हॉल, आणि दोघे एकदम शिरले तर एकाने उलट्या पावली बाहेर यावे असे स्वयंपाकघर. जागा निम्मी, भाडे चार हजारांनी जास्त. शिवाय तीन महिन्यांची अनामत आणि दलालाचे एक महिन्याचे. सौ.ने हिशेबाची वही मिटली आणि “आईंना विचारा,” एवढेच म्हणाली.

करार ‘लीव्ह अँड लायसन्स’चा, अकरा महिन्यांचा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे तो लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. (आमच्या मालकांनी जबाबदारी तेवढी स्वतःकडे ठेवली, खर्च आमच्याकडे दिला.) त्या कागदात मी भाडेकरू नव्हेच, मी परवानाधारक! पूर्वी रेडिओला परवाना लागे, आता मला लागला. नोंदणीसाठी एक पोरगा चिमुकले यंत्र घेऊन घरीच आला. म्हणाला, “सर, अंगठा.” मराठीचे एम. ए. आम्ही, मुकाट्याने अंगठा पुढे केला!

बेडरूम आईला आणि नातवाला दिली. आम्ही हॉलमध्ये. उत्तरपत्रिका तपासायच्या तर जेवणे आटोपून टेबल रिकामे होईपर्यंत थांबावे लागे. चिडचिड झाली, नाही असे नाही. पण आठवड्याभरात आई पावले मोजू लागली. भिकारदास मारुती इतकी पावले, खुन्या मुरलीधर इतकी. तिसऱ्या महिन्यात एकटीच मंडईपर्यंत जाऊन आली; आम्ही मात्र तासभर खिडकीत. आली ती मेथीच्या दोन जुड्या आणि कुणा भाजीवालीच्या सुनेच्या बाळंतपणाची बातमी घेऊन!

दहाव्या महिन्यात मालकांचा फोन आला. इमारत पुनर्विकासाला जाणार; करार वाढणार नाही. रीतसरच होते, भांडायला काही जागाच नव्हती. आईला सांगायचे कसे, याची आम्ही दोघे स्वयंपाकघरात कुजबुज करीत होतो (त्या जागेत कुजबूज दारापर्यंत ऐकू येते, हे आमच्या ध्यानात राहिले नाही). तेवढ्यात ती बाहेरून आली.

“कुठे गेली होतीस?”

“चपलेचा अंगठा तुटला होता, शिवून आणला. टाचाही झिजल्यात,” ती म्हणाली. मग पिशवी ठेवता ठेवता, “नवी जागा बघाल तेव्हा मला बरोबर न्या. मला आधी खालचा रस्ता बघायचाय.”