वारसा आणि कर्ज

माणूस गेला, की कफन-दफनानंतर आधी त्याचे कर्ज फेडायचे, मग वाटणी, ही आपल्या घरांतली रीत. 'कर्ज अब्बांनी काढले, माझा काय संबंध?' असे म्हणणारा मुलगा घरातला हिस्सा मात्र सोडत नाही.

देशांचेही असेच. १९१४ साली 'कोमागाता मारू' जहाजातून ३७६ हिंदी प्रवासी कॅनडातील व्हँकुव्हरला पोचले. बहुतेक शीख, काही मुसलमान, काही हिंदू. दोन महिने बंदरात अडवून जवळजवळ सर्वांना परत पाठवले. कलकत्त्याजवळ बजबजला पोलिसांच्या गोळीबारात त्यांतले काही ठार झाले. १८ मे २०१६ रोजी पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी संसदेत माफी मागितली. १९१४ साली ते जन्मलेही नव्हते. पण खुर्ची त्याच सरकारची होती.

जालियनवाला बागेबद्दल मात्र ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी २०१९ मध्ये संसदेत खेद व्यक्त केला, माफी मागितली नाही.

माफीने मेलेले परत येत नाहीत, हे खरे. पण कर्ज होते, एवढे तरी कबूल होते. खेद शेजारीही व्यक्त करतो. कर्ज वारसालाच फेडावे लागते.