लिंबू राहिले, कारण हरवले

भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९६१ साली कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांपुढे एक प्रश्न ठेवला होता. एखाद्या महासंकटात सगळे वैज्ञानिक ज्ञान नष्ट झाले आणि पुढच्या पिढ्यांसाठी एकच वाक्य मागे ठेवता आले, तर ते कोणते असावे? त्यांचे स्वतःचे उत्तर होते: सर्व पदार्थ अणूंचे बनलेले आहेत. हाच प्रश्न वैद्यकशास्त्राला विचारला तर उत्तरे भराभर सुचतात. अनेक रोग जंतूंमुळे होतात, हात धुवा, पाणी उकळून प्या, लस टोचून घ्या. यादी करणे सोपे आहे. ती यादी शंभर वर्षांनी वाचणाऱ्याच्या हाती नेमके काय लागेल, हे सांगणे अवघड आहे. त्यासाठी कल्पना लढवण्याची मात्र गरज नाही. एका रोगावरचा उपाय माणसाला सापडला, त्याने तो वर्षानुवर्षे वापरला आणि नंतर हरवला, असे प्रत्यक्षात घडले आहे. तो रोग म्हणजे स्कर्व्ही.

लांबच्या सागरी प्रवासात खलाशांच्या हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि शेवटी मृत्यू येई. १७४७ साली ‘सॅलिसबरी’ या ब्रिटिश जहाजावर जेम्स लिंड या सर्जनने सारखीच लक्षणे असलेले १२ रुग्ण निवडले, त्यांच्या दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचे पाणी, कुणाला सफरचंदाची मदिरा. बाकी आहार सगळ्यांना एकच. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लेमन मिळाले. सहा दिवसांत फळे संपली, पण तोवर त्या दोघांपैकी एक जण कामावर रुजू होण्याइतका बरा झाला होता.

असा स्पष्ट पुरावा मिळूनही ब्रिटिश नौदलाने लेमनचा रस सर्वांना द्यायला १७९५ साल उजाडले. मग मात्र स्कर्व्ही नौदलातून जवळजवळ नाहीशी झाली. हे ज्ञान आता कायमचे जतन झाले, असे कुणालाही वाटले असते.

पण नौदलाला उपाय ठाऊक होता, कारण ठाऊक नव्हते. रसातला आंबटपणा गुणकारी आहे, अशी सर्वसाधारण समजूत होती. त्यामुळे १८६०च्या दशकात भूमध्य सागराकाठच्या मोठ्या पिवळ्या लेमनऐवजी वेस्ट इंडीजमधले लहान हिरवे लाइम, म्हणजे आपल्या कागदी लिंबाच्या जातीचे फळ वापरायला सुरुवात झाली, तेव्हा कुणाला काही वावगे वाटले नाही. लाइम तर जास्तच आंबट! प्रत्यक्षात लाइमच्या साठवलेल्या रसात ‘क’ जीवनसत्त्व फारच थोडे उरत असे. तरीही बिघाड लक्षात आला नाही, कारण तोवर वाफेची जहाजे आली होती. प्रवास इतका आखूड झाला होता की स्कर्व्ही व्हायला वेळच मिळत नव्हता. औषध निकामी झाले होते आणि ते लागू पडते आहे असा भास टिकून होता.

हा भास उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या १८७५-७६ च्या ब्रिटिश मोहिमेत फुटला. हिवाळाभर जहाजावर लाइमचा रस नियमाने दिला गेला होता. तरीही वसंतात स्लेज घेऊन बर्फावर निघालेल्या तुकड्या स्कर्व्हीने आडव्या झाल्या आणि मोहीम आवरती घ्यावी लागली. यातून निष्कर्ष निघाला तो उलटाच. फळांच्या रसावरचाच विश्वास उडाला. डबाबंद मांस खराब होऊन त्यात तयार होणाऱ्या विषाने स्कर्व्ही होते, हे मत बळावले. स्कॉट यांच्या १९०१ सालच्या दक्षिण ध्रुव मोहिमेतही मांसाचे डबे तपासून मगच खायला दिले जात होते. स्कर्व्ही तरीही झालीच. लिंड यांच्या प्रयोगाला तेव्हा दीडशे वर्षे उलटून गेली होती.

खरे कारण सापडले ते १९०७ साली, नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रोलिश यांनी नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगमध्ये स्कर्व्ही पाहिली तेव्हा. बहुतेक प्राणी ‘क’ जीवनसत्त्व शरीरातच बनवतात. गिनीपिग आणि माणूस यांना ते जमत नाही. हा एक दुवा हाती लागल्यावर पुढच्या २५ वर्षांत ते द्रव्यही ओळखले गेले.

या सगळ्या काळात लिंड यांचा ग्रंथ ग्रंथालयांत शाबूत होता. कागद जळला नव्हता, शाई पुसली नव्हती. हरवले होते ते दोन गोष्टींमुळे. उपायामागचे कारण माहीत नव्हते, आणि उपाय बदलल्यावर तो पुन्हा तपासून पाहण्याची सवय सुटली होती. जतन करायच्या ज्ञानाची निवड करताना याच दोन गोष्टी आधी घ्यायला हव्यात.

त्या जोडीला तिसरी कसोटी हवी. जपलेले ज्ञान घरात असलेल्या वस्तूंनी वापरता आले पाहिजे. एमआरआय यंत्राचा आराखडा तिजोरीत ठेवून वीज नसलेल्या जगाला काय उपयोग? या तिन्ही कसोट्यांवर उतरणारे उदाहरण म्हणजे मीठ-साखरेचे पाणी. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज यांचे पाणी तोंडाने देण्याचा निर्णय घेतला. ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांनी केले. तोवर ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले.

यामागचे कारणही माहीत आहे. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणी ओढले जाते. पटकीतही हा मार्ग बंद पडत नाही. कारण कळले की पर्याय सुचतात. घरात साखर नसेल तर मीठ घातलेली तांदळाची पातळ पेजही कामाला येते, कारण पेजेतल्या पिष्टाचे आतड्यात ग्लुकोजच होते. चुकाही टळतात. फार गोड सरबत किंवा शीतपेय दिले तर जास्तीची साखर पाणी उलट आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात.

हे ज्ञान घरोघरी कसे रुजवायचे, ते १९८०च्या दशकात बांगलादेशातल्या ‘ब्रॅक’ संस्थेने दाखवले. तिच्या महिला कार्यकर्त्या एक कोटीहून अधिक घरांत गेल्या. अर्धा शेर पाणी, मूठभर गूळ आणि तीन बोटांची चिमूट मीठ. आईने ते समोर स्वतः बनवून दाखवायचे. काही दिवसांनी तपासनीस येऊन तिला काय आठवते ते पाहत, आणि त्यावर कार्यकर्तीचे मानधन ठरे.

आपल्याकडे काय आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार जुलाब झालेल्या दर १०० मुलांपैकी सुमारे ६१ मुलांना ओआरएस मिळाले. उरलेल्या ३९ मुलांच्या बाबतीत हे ज्ञान पुस्तकात असून नसल्यासारखेच. जुलाब झाले की मुलाचे पाणी तोडा, ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. चिठ्ठीवर अँटिबायोटिक आणि हाताला सलाइन लागले म्हणजेच उपचार झाले, असे मानणारी घरे आहेत आणि त्यांना तेच देणारे दवाखानेही आहेत.

म्हणून प्रत्येक घरात ओआरएसची दोन पाकिटे असावीत. ती नसतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचेच. मुलाचे दूध-जेवण चालू ठेवावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक द्यावे. मूल मलूल झाले, पिईनासे झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी थांबू नये. अंगणवाडीत आणि आशाताईंच्या भेटीत हे पत्रक वाटण्यापेक्षा आईकडून एकदा बनवून घेतले जावे.

शाळेतही बदल हवा. ‘क जीवनसत्त्वाच्या अभावी ____ हा रोग होतो’ ही रिकामी जागा मुले अचूक भरतात. हे कळले कसे, आणि खोटे असते तर कसे उघड झाले असते, हा प्रश्न त्यांना कुणी विचारत नाही. ज्ञान गमवायला महासंकट यावे लागत नाही. लाइमचा रस रोज नेमाने वाटणारे नौदलही ते गमावून बसले होते.