घड्याळाचा नंबर लिहून ठेवलाय का?

"हे माझं नाही," अण्णा म्हणाले आणि घड्याळ परत टेबलावर ठेवलं.

हवालदारांना पटेना. "काका, नीट बघा. स्टील आणि सोनं, तारखेवर भिंग, रोलेक्स लिहिलंय. तुमच्या फिर्यादीत हेच वर्णन आहे. सही करा, कोर्टातून सोडवून घ्या, विषय संपला."

मी शेजारीच बसलो होतो. त्या दिवशी मी बातमीसाठी गेलो नव्हतो, शेजारधर्म म्हणून गेलो होतो. अण्णा आमच्या दिघीचे. उभी हयात बोटीवर इंजिनरूममध्ये काढली. १९९० साली सिंगापूरला बोट लागली असताना दोन महिन्यांच्या पगाराएवढे पैसे घालून त्यांनी हे एकच चैनीचं काम केलं. घड्याळ लग्नकार्याला निघायचं, एरवी कपाटात. शिमग्यात सगळं घर पालखीला गेलं होतं तेव्हा कपाट फुटलं. दागिने गेले, घड्याळ गेलं. वर्षभराने दुसऱ्या जिल्ह्यात चोरांची टोळी सापडली, माल सापडला आणि ओळख पटवायला अण्णांना बोलावणं आलं. ठाण्याचं नाव लिहीत नाही, कारण हे कुठल्याही ठाण्यात घडलं असतं.

फिर्याद मी वाचली होती. "एक जुने वापरते मनगटी घड्याळ, विदेशी बनावटीचे, पिवळ्या व पांढऱ्या धातूचे." बस्स. दागिन्यांचं वजन ग्रॅममध्ये, मोबाईलचा आयएमईआय नंबर पंधरा आकडी, मोटारसायकलचा चेसिस नंबर, इंजिन नंबर सगळं लिहितात. घड्याळाला मात्र नुसतं "एक".

आता त्या टेबलावर नेमकं काय झालं ते सांगतो, कारण पोस्टचा सगळा मुद्दा तिथेच आहे.

अण्णांना मनातून वाटत होतं की हे आपलं नाही, पण नुसतं मनातून वाटून पंचनामा होत नाही. शेवटी गावातल्या एका जुन्या घड्याळजींना बोलावलं. तीस वर्षं मुंबईत याच कामात गेलेला माणूस. पंचांसमोर त्यांनी पट्ट्याच्या पिना काढल्या, डोळ्याला भिंग लावलं आणि दोन नंबर वाचून दाखवले. बाराच्या बाजूला, पट्टा जिथे अडकतो त्या खाचेत मॉडेल नंबर: १६२३३. सहाच्या बाजूला सिरीयल नंबर. त्याची सुरुवात इंग्रजी 'एस'ने.

घड्याळजींनी विचारलं, "अण्णा, तुम्ही घेतलं कधी?"

"नव्वद साली. माझ्या सीडीसीवर सिंगापूरचा शिक्का आहे."

"मग हे तुमचं नाही. हे त्र्याण्णवच्या सुमाराचं आहे."

एवढंच. १९९३ च्या सुमाराला कारखान्यातून निघालेलं घड्याळ कुणी १९९० साली विकत घेऊ शकत नाही. अण्णांनी पट्टासुद्धा कधी बदलला नव्हता, मग केस बदलण्याचा प्रश्नच नाही. वाद मिटला.

घरी येऊन मी हे सगळं नीट वाचून काढलं. रोलेक्सने १९८७ च्या सुमाराला सिरीयल नंबरच्या आधी अक्षर लावायला सुरुवात केली. पहिलं 'आर', मग 'एल', 'ई', 'एक्स'. कंपनीच्याच नावातली अक्षरं, फक्त 'ओ' गाळला, कारण तो शून्यासारखा दिसतो. पुढे 'एन', 'सी', 'एस' अशी वेगवेगळी अक्षरं आली. २०१० च्या सुमारापासून नंबर मुद्दाम उलटसुलट केले, आता त्यावरून वर्ष कळत नाही. जागाही बदलली. नव्या घड्याळांत नंबर काचेच्या आतल्या कडेवर कोरलेला असतो, पट्टा काढावा लागत नाही.

मॉडेल नंबरही बोलतो. १६२३३ मधला शेवटचा ३ म्हणजे स्टील आणि पिवळं सोनं. त्या काळातल्या याच घराण्यात ४ असेल तर स्टील आणि पांढरं सोनं, ८ असेल तर पूर्ण पिवळं सोनं. म्हणजे फिर्यादीत हे पाच आकडे असते तरी "पिवळ्या व पांढऱ्या धातूचे" लिहायची गरज नव्हती.

एक खबरदारी सांगतो, नाहीतर उद्या कुणी या पोस्टवरून घड्याळाचा व्यवहार कराल. अक्षरांची ही यादी कंपनीने छापलेली नाही. संग्राहकांनी आणि घड्याळजींनी हजारो पावत्या ताडून जुळवलेली आहे. वर्ष दोन वर्ष इकडे तिकडे होतं. शिवाय नंबरवरून केस बनल्याचा काळ कळतो, विक्रीचा नाही. दुकानाच्या काचेत घड्याळ दोन वर्षंही पडून राहतं. आणि नंबर खरा आहे म्हणून घड्याळ खरं, असंही नाही. नकली माल करणारा एकच खरा नंबर हजार घड्याळांवर ठोकतो. तबकडीवर तर मुळीच विश्वास नको. जुन्या मशिनवर नवी रंगवलेली तबकडी बसवलेल्या घड्याळांना जगभरातले संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्या शहराचं नाव असं गाजतंय!

"दिघीत रोलेक्स कुणाकडे आहे हो? श्रीमंतांचे चोचले." ही कॉमेंट येणार हे मला माहीत आहे. म्हणून आधीच उत्तर देतो.

आपल्या श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड पट्ट्यात घरटी एक माणूस आखातात नाहीतर बोटीवर जाऊन आलाय. रोलेक्स नसेल, पण सेको, सिटिझन, राडो घरात आहेच. वडिलांच्या कपाटातलं सेको काढा आणि उलटं करा. मागच्या झाकणावर सहा आकडी सिरीयल नंबर दिसेल. पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा. ऑक्टोबरला 'ओ', नोव्हेंबरला 'एन', डिसेंबरला 'डी'. ७ आणि एन म्हणजे सातने संपणाऱ्या वर्षातला नोव्हेंबर. १९७७ की १९८७? ते सिरीयल नंबर सांगत नाही. त्याच झाकणावर चार आकडे, मधे रेघ आणि परत चार आकडे असा मॉडेल नंबर असतो. ते मॉडेल कोणत्या काळात निघत होतं हे पाहिलं की दशक कळतं. म्हणून दोन्ही नंबर लागतात, एकाने भागत नाही.

आणि कायद्याच्या लेखी घड्याळ ही साधी वस्तू नाहीच. कस्टम्स कायदा, १९६२ मधलं कलम १२३ काढून वाचा. एरवी गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर. पण तस्करीचा माल असल्याच्या वाजवी समजुतीवरून काही वस्तू जप्त केल्या, तर तो माल तस्करीचा नाही हे ज्याच्याकडून जप्त झाला त्यालाच सिद्ध करावं लागतं. त्या वस्तूंत सोनं आणि घड्याळं ही नावं थेट कलमात लिहिलेली आहेत. म्हणजे पावती आणि त्यावरचा नंबर हा तुमच्या माझ्यासारख्यांचा एकमेव साक्षीदार.

सरकारला हे कळत नाही असंही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्ली विमानतळावर कस्टम्सने एका प्रवाशाकडून सात घड्याळं पकडली. त्यातलं एकच २७ कोटी ९ लाखांचं. त्याची माहिती देताना "एक विदेशी घड्याळ" म्हटलं नाही, मॉडेल नंबरसकट सांगितलं: जेकब अँड कंपनी, बीएल११५.३०ए. कर वसूल करायचा असतो तेव्हा यंत्रणेला नंबर वाचता येतो. चोरीला गेलेलं परत द्यायचं असतं तेव्हा "पिवळ्या व पांढऱ्या धातूचे".

आपल्या दिघीला तर मालावरच्या खुणांचं महत्त्व कुणी शिकवायला नको. जानेवारी १९९३ मध्ये याच किनाऱ्यावर शस्त्रं उतरली. वाटेत अडवणारे होते, पण पैसे घेऊन गाड्या सोडल्या गेल्या आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. नंतर तपासात सापडलेल्या हातबॉम्बच्या बनावटीवरून माग काढत मूळ ऑस्ट्रियन कंपनीपर्यंत विचारणा गेली आणि पाकिस्तानातल्या कारखान्याचा धागा पुढे आला. माणसं खोटं बोलतात, विसरतात, विकली जातात. धातूवरची खूण तशीच राहते. मात्र ती वाचून लिहून ठेवणारा कुणीतरी लागतो.

आता पुन्हा अण्णांकडे येतो.

ते सही करून घड्याळ घेऊन येऊ शकत होते. हवालदारांचीही फाईल बंद झाली असती. कुणाला कळलं नसतं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अण्णा, कमाल केलीत." ते म्हणाले, "कमाल कसली? ते पण कुणीतरी बोटीवर राबून घेतलं असेल."

ते घड्याळ आजही मुद्देमालाच्या खोलीत असेल. त्याचा मालक ठाण्यात, मालवणात, वसईत कुठेही असू शकतो. त्याच्या फिर्यादीतही बहुतेक "एक विदेशी घड्याळ" असंच असणार. नंबर समोर आहे, माणूस सापडत नाही. आणि अण्णांचं उलटं. माणूस आहे, नंबर नाही. सिंगापूरच्या पावतीचा कागद बोटीवरच कधीतरी गहाळ झाला. उद्या त्यांचं खरं घड्याळ एखाद्या टेबलावर आलं, तरी ते शपथेवर काय सांगणार? त्या दिवशी नंबरमुळे आपलं काय नाही एवढं कळलं. आपलं काय आहे ते कळायला मार्ग नाही.

माझं म्हणणं तीन गोष्टींपुरतं आहे.

एक. चोरीची फिर्याद घेताना घड्याळ, कॅमेरा, होडीचं इंजिन, पाण्याचा पंप, जे काही नंबराचं असेल त्याला कंपनी, मॉडेल नंबर, सिरीयल नंबर हे विचारलंच पाहिजे. फिर्यादीला आठवत नसेल तर खोका, पावती, दुरुस्तीची चिठ्ठी शोधून आण म्हणून सांगा आणि पुरवणी जबाबात घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

दोन. १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्याप्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावंच लागतं. कॅमेरा हातात आहेच, तर तो वस्तूच्या नंबरवर न्या.

तीन. जप्त आणि चोरीच्या वस्तूंच्या नंबरांची राज्यभराची एक यादी करा. अशक्य म्हणू नका. हरवलेल्या मोबाईलसाठी अशी व्यवस्था २०१९ मध्ये आपल्या महाराष्ट्रातूनच सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये देशभर झाली. सोन्याच्या दागिन्यावर १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी एचयूआयडी सक्तीची आहे. अख्खी यादी उघड्यावर टाकू नका, नकली माल करणाऱ्यांचं फावेल. आपण आपला नंबर टाकायचा, उत्तर फक्त "आहे" किंवा "नाही" एवढंच मिळावं. मालकाचं नाव पत्ता कुणाला दिसायची गरज नाही.

पोलिसांवर कामाचा बोजा आहे, हे मी वीस वर्षं ठाण्यांच्या पायऱ्या चढून पाहिलंय. बंदोबस्त, व्हीआयपी, किनाऱ्यावरची गस्त. मान्य. पण एक नंबर न लिहिल्यामुळे दोन फाईली वर्षानुवर्षं उघड्या राहतात, हा बोजा नाही का?

सरकार करेल तेव्हा करेल. आपलं काम आज रात्रीचं आहे. कपाट उघडा. वडिलांचं, सासऱ्यांचं, मामांचं घड्याळ काढा, उलटं करा आणि मोबाईलवर मागच्या बाजूचा फोटो घ्या. नंबर पट्ट्याखाली असेल तर पुढच्या वेळी सेल बदलायला जाल तेव्हा घड्याळजींकडून वाचून घ्या, चिठ्ठीवर लिहून मागा. तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा आणि फोटो मुलाला, मुलीला पाठवून द्या.

आणि १९९३ च्या सुमाराचं, 'एस'पासून नंबर सुरू होणारं स्टील आणि सोन्याचं १६२३३ कुणाचं चोरीला गेलं असेल, तर मला इनबॉक्समध्ये उरलेले आकडे कळवा. इथे कॉमेंटमध्ये लिहू नका. जुळले तर ठाण्यापर्यंत मी स्वतः सोबत येईन. अण्णाही येतो म्हणालेत.