वॉटरगेट वाचा, अंतुलेही वाचा

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोराला आज रिचर्ड निक्सन यांचा आवाज मोबाइलवर फुकट ऐकता येतो. व्हाइट हाउसमधल्या ध्वनिफिती इंटरनेटवर आहेत. २० जून १९७२ च्या फितीतली ती कुप्रसिद्ध साडेअठरा मिनिटांची नुसती घरघरसुद्धा. राज्यशास्त्राच्या प्रकल्पाला वॉटरगेट सोयीचे पडते ते त्यामुळेच. साधने आयती, खलनायक परका आणि शेवट चोख: १७ जून १९७२ ला घरफोडी, ९ ऑगस्ट १९७४ ला राष्ट्राध्यक्ष घरी.

खुशाल करावा. पण त्याच मोबाइलवर आपले घरचे प्रकरणही आहे, आणि ते इतके चोख नाही. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते तेव्हाची गोष्ट. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानाला देणगी द्या आणि सिमेंट उचला, असा व्यवहार चालल्याचे अरुण शौरी यांनी ३१ ऑगस्ट १९८१ ला ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये मांडले. १२ जानेवारी १९८२ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंटवाटप यांचा संबंध असल्याचा निर्वाळा दिला आणि अंतुल्यांनी राजीनामा जाहीर केला. पाच महिनेही लागले नाहीत. निक्सन यांनी दोन वर्षे काढली होती!

खरी गंमत पुढे आहे, आणि ती सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत आहे. रामदास नायक यांनी अंतुल्यांविरुद्ध केलेल्या फिर्यादीवरचे हे निकाल न्यायालयाच्याच संकेतस्थळावर कोणालाही मोफत वाचता येतात. सिमेंटची पोती शोधत पाने सरकवणाऱ्याच्या हाती बराच वेळ भलतेच लागते: आमदार हा लोकसेवक आहे का? १९८४ मध्ये पाच न्यायमूर्ती म्हणाले, नाही; म्हणून खटल्याला त्यासाठी पूर्वपरवानगी लागत नाही. आणि खटला लवकर निघावा म्हणून तो विशेष न्यायालयातून उच्च न्यायालयाकडे पाठवला. तिथे ५७ साक्षीदार झाले, ४३ पैकी २१ आरोप निश्चित झाले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्यांपैकी बहुतेक आरोपही निश्चित करायला सांगितले. आणि २९ एप्रिल १९८८ ला सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ठरवले, की खटला उच्च न्यायालयाकडे पाठवणेच चूक होते. अंतुले दोषी की निर्दोष, याबद्दल त्या निकालात अवाक्षर नाही.

म्हणून नुसता १९८४ चा निकाल वाचणारा म्हणेल, सापडले. नुसता १९८८ चा वाचणारा म्हणेल, सुटले. दोघेही फसतील. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या चार ओळींच्या इतिहासाचे तर नावच नको. निक्सन यांना महिन्याभरात जेराल्ड फोर्ड यांची माफी मिळाली. अंतुल्यांना कोणाच्या माफीची गरजच पडली नाही. १९९५ मध्ये ते केंद्रात आरोग्यमंत्री झाले.

भिवंडीतल्या, आणि भिवंडीबाहेरच्याही, प्राध्यापकांना एवढीच विनंती: यंदा वॉटरगेटच्या जोडीला हे तीन निकाल तारखेच्या क्रमाने वाचायला लावा. इंग्रजी अवघड आहे, तेव्हा पहिली दहा पाने वर्गात बसवून घ्या.