आरडीपीला नाकं मुरडणं पुरे

लिनक्सवाल्यांच्या गोटात मायक्रोसॉफ्टचं नाव निघालं की अजूनही काहींच्या कपाळाला आठी पडते. त्यामुळे क्लाउडवरच्या लिनक्स व्हीएमचा डेस्कटॉप लांबून बघायचा असला, की हात सवयीने व्हीएनसीकडे जातो. आरडीपी ती विंडोजची, आपल्याला काय करायची? माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. आजच्या घडीला लिनक्स व्हीएमसाठी पहिली पसंती आरडीपीच असावी.

डेस्कटॉप खरोखर हवाय का, हे आधी विचारून घ्या. फायली हलवणं, सेवा चालू-बंद करणं, कोड लिहिणं हे सगळं एसएसएचवर निभतं, आणि टीमक्स असेल तर मध्येच नेट गेलं तरी काम तसंच चालू राहतं. क्यूजीआयएसमध्ये नकाशे करणाऱ्याला किंवा सर्किट डिझाइनची सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला मात्र पडदा लागतोच. पुढचं त्यांच्यासाठी.

व्हीएनसी जन्माला आली १९९०च्या दशकात, केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी प्रयोगशाळेत. कल्पना साधी: पडद्याचा जो भाग बदलला, त्याचं चित्र पलीकडे पाठवायचं. खिडकी म्हणजे काय, आवाज म्हणजे काय, याच्याशी तिला देणंघेणं नाही. या साधेपणामुळेच ती कुठल्याही यंत्रावर चालली, आणि त्याच साधेपणाचं आज ओझं झालंय. मूळ पद्धतीत पासवर्डची पहिली आठच अक्षरं मोजली जातात. तुम्ही हौसेने वीस अक्षरांचा पासवर्ड ठेवलात, तर उरलेली बारा नुसती शोभेची. शिवाय त्या मूळ पद्धतीत पुढची सगळी देवघेव उघड्यावर चालते, कुलूपबंद नाही. नंतरच्या आवृत्त्यांनी यावर उपाय केले, पण प्रत्येकीचे वेगळे, आणि अर्ध्यांचं एकमेकींशी जमत नाही.

आरडीपीत एन्क्रिप्शन, आवाज, क्लिपबोर्ड, फोल्डरची देवघेव, खिडकी लहान-मोठी केली की रिझोल्यूशन बदलणं, हे सगळं घरचंच आहे. पण तिच्याकडे वळायचं खरं कारण आहे वेलँड. १९८४मध्ये एमआयटीत सुरू झालेल्या एक्स विंडो पद्धतीत कुठलाही प्रोग्राम सगळा पडदा वाचू शकायचा. जुन्या व्हीएनसी सर्व्हरांचं पोट त्यावरच भरायचं. एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडने ती मुभा काढून घेतली. मग ग्नोमने दूरवरून डेस्कटॉप दाखवण्याचं काम स्वतःकडे घेतलं आणि २०२२च्या ४२व्या आवृत्तीत त्यासाठी आरडीपी निवडली. २०२४च्या ४६व्या आवृत्तीपासून यंत्रासमोर कुणी बसलेलं नसतानाही लांबून लॉगिन करता येतं. २०२५च्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स १०मध्ये तर एक्सचा झॉर्ग सर्व्हरच काढून टाकलाय. वारा कुठल्या दिशेने वाहतोय, हे सांगायला ज्योतिषी नको.

उबुंटू २४.०४ असेल तर सेटिंग्जमध्येच रिमोट लॉगिनची सोय सापडेल. ती पासवर्ड दोनदा मागते, आधी जोडणीचा, मग तुमच्या खात्याचा. नवखे इथे गोंधळतात. यंत्र जुनं किंवा कमी मेमरीचं असेल तर एक्सआरडीपी आणि एक्सएफसीई ही जोडी उत्तम. एक्सआरडीपीची एक खोड मात्र ठाऊक असावी. त्याच नावाने यंत्राच्या मूळ पडद्यावर आधीच लॉगिन केलेलं असेल, तर लांबून जोडल्यावर बऱ्याचदा नुसता काळा पडदा दिसतो. लोक बिचारे अख्खं पॅकेज काढून पुन्हा टाकतात. तिकडचं लॉगआउट केलं की बहुतेकदा काम भागतं.

व्हीएनसीला एका जागी मात्र मी हात लावू देणार नाही: हायपरव्हायझरचा कन्सोल. प्रॉक्समॉक्समध्ये ब्राउझरात उघडणारी नो-व्हीएनसीची खिडकी थेट व्हीएमच्या मॉनिटरला जोडलेली असते. बूट अडकलं किंवा आतलं नेटवर्क बिघडलं, तर आरडीपीचा काडीचा उपयोग नाही. तिथे तीच कामाला येते.

एनीडेस्कसारखी साधनं गावी असलेल्या काकांच्या कॉम्प्युटरसाठी ठीक. २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केलं होतं, ते याच अ‍ॅपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल. दोष वापराचा होता, हे मान्य. पण सर्व्हरची किल्ली तिसऱ्याच्या हातातून कशाला फिरवायची? आरडीपीचं ३३८९ पोर्टही इंटरनेटवर मोकळं सोडू नका. एसएसएचच्या बोगद्यातून न्या, नाहीतर वायरगार्डमागे ठेवा. क्लाउडच्या फायरवॉलमध्ये ‘तात्पुरतं’ म्हणून उघडलेलं पोर्ट पुढे कुणाच्या लक्षातही राहत नाही.

एवढी वकिली केल्यावर आरडीपीविरुद्धची माझी तक्रारही नोंदवतो. मूळ व्हीएनसी दाबलेल्या अक्षराची ओळख पाठवते. आरडीपी सहसा कळेचा क्रमांक पाठवते आणि त्याचं अक्षर कुठलं, हे पलीकडचं मशीन ठरवतं. त्यामुळे इकडे विंडोजवर मराठी इनस्क्रिप्ट निवडून ‘क’ दाबा, तिकडे उमटेल इंग्रजी के. यावर उपाय म्हणजे आपल्याकडचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवायचा आणि व्हीएममध्ये आयबस बसवून मराठी तिथे निवडायची. शिवाय मराठी-इंग्रजी अदलाबदलीचा शॉर्टकट दोन्हीकडे वेगवेगळा ठेवा, नाहीतर तो इकडचीच विंडोज गिळून टाकते.